तंजावरची गोळी

आजचा भाग तंजावरचा आहे. पण सुरुवात मी आमच्या घरापासून करणार आहे, कारण या विषयाकडे मी वळलो तो घरातल्या एका आजारपणामुळे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामांना कावीळ झाली. वय अडुसष्ट, दारूचा थेंब कधी घेतला नाही, खाणं साधं. काविळीच्या नेहमीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, "काका, गेल्या दोन-तीन महिन्यांत नवीन काही सुरू केलंय का?" मामा म्हणाले, "छे, काही नाही." तेवढ्यात शेजारी बसलेली मामी म्हणाली, "अहो, आणि ती पुडी?"

पुडी म्हणजे चूर्ण. ओळखीतल्या कुणाकडून तरी आलेलं, रोज सकाळी कोमट पाण्यातून घ्यायचं. यकृत साफ होतं, अंगातली विषं बाहेर पडतात, असं सांगून दिलेलं. मामांच्या लेखी ते औषध नव्हतंच, म्हणून त्यांनी ते सांगितलं नव्हतं. मामीने पुडी आणून दाखवली. कागदावर नाव नाही, घटक नाहीत, कुणी बनवलं ते नाही. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली. हळूहळू रक्तातले आकडे उतरले, मामा दोनेक महिन्यांत बरे झाले. "पुडीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले, "कारण तिच्यात काय होतं तेच आपल्याला माहीत नाही."

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहून गेला. तिच्यात काय होतं? पुढे या मालिकेसाठी मी तंजावरच्या सरफोजीराजांविषयी वाचत होतो, तेव्हा तोच प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका वेगळ्या गोळीबद्दल विचारला गेल्याचं मला दिसलं. त्या गोळीचं नावच होतं तंजावरची गोळी.

नेहमीच्या मंडळींना तंजावरचा इतिहास ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठ्यांची गादी उभी केली. ती १८५५ पर्यंत चालली. कावेरीच्या खोऱ्यातला हा सुपीक मुलूख, भाताची शेतं, कालवे, बांध, आणि त्यामुळे साप. भाताच्या शेतात उंदीर येतो, उंदरामागे नाग आणि घोणस येतात, आणि त्याच शेतात माणूस अनवाणी पायाने उतरतो. साप चावणं ही तिथली वर्षभराची भीती होती.

या भीतीवर तिथल्या वैद्यांकडे एक गोळी होती. ती चांगली प्रसिद्ध होती, पण तिची कृती गुप्त होती. त्या काळी तंजावरात ख्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी राहत होते. धाकट्या सरफोजीचे पालक आणि शिक्षक म्हणून आपण त्यांना ओळखतो. गोळीची कृती इंग्रजांपर्यंत पोहोचली ती त्यांच्यामार्फत. १७८० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासकडच्या इंग्रज सर्जनांच्या हातात ती आली आणि काहींनी ती वापरूनही पाहिली.

आता कृती ऐका. पांढरा सोमल, म्हणजे आर्सेनिक. पारा. बचनागाच्या जातीचं विषारी मूळ. आणखी एक विषारी मूळ. जमालगोट्याच्या बिया. आणि काळी मिरी. सगळं सारख्या मापाने घ्यायचं, पारा एका वनस्पतीच्या रसात मरेपर्यंत घोटायचा, बाकीच्या वस्तू मिसळून गोळ्या वळायच्या. सहा घटकांत निरुपद्रवी असलेली एकच वस्तू, मिरी. गोळीचा साधारण सहावा हिस्सा सोमल. अंगातलं विष काढण्यासाठी दिलेल्या गोळीत आणखी पाच विषं होती.

मग लोकांचा त्यावर विश्वास का होता? ते मूर्ख होते म्हणून नाही. गोळी पोटात गेली की तिचा परिणाम डोळ्यांना दिसायचा. जमालगोटा आणि सोमल दोन्ही आतड्यांना सोलून काढतात. जोरदार उलट्या, जोरदार जुलाब. बघणाऱ्याला वाटणार, विष बाहेर पडतंय. आणि त्यातून माणूस वाचला, तर गोळीने वाचवलं यात कुणाला शंका राहील?

खरी गोष्ट अशी की नागाचं विष कातडीखाली जातं, रक्त-लसिकेतून पसरतं आणि मज्जातंतू जिथे स्नायूंना भेटतात तिथे जाऊन अडकतं. आतड्यांतून ते बाहेर काढता येत नाही. माणसं वाचत होती त्याची कारणं वेगळी होती. पुष्कळदा चावलेला साप बिनविषारी असतो. विषारी सापसुद्धा प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा चावा बराच आढळतो. अशा प्रत्येक वाचलेल्या माणसाचं श्रेय गोळीच्या खात्यात जमा होत होतं. मेलेल्यांच्या बाबतीत म्हणायचं, गोळी द्यायला उशीर झाला.

हा हिशोब तपासायला बसला एक स्कॉटिश डॉक्टर, पॅट्रिक रसेल. १७८५ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गअभ्यासक. त्याच्यापुढे कंपनीचे दोन प्रश्न होते: कुठला साप विषारी ते ओळखायचं कसं, आणि चावल्यावर उपाय काय. त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप जमवले, त्यांचे दात तपासले, कुत्र्यांवर आणि कोंबड्यांवर प्रयोग केले. आज ते प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, तो भाग आहेच. पण त्याने चाव्यानंतर काय काय होतं ते क्रमाने लिहून ठेवलं, आणि तंजावरची गोळी देऊनही पाहिली. ती निरुपयोगी ठरली. १७९६ साली त्याचं सापांवरचं मोठं सचित्र पुस्तक निघालं. आपल्या घोणसीला इंग्रजीत त्याचंच नाव आहे.

तरीही गोळीचा लौकिक लगेच संपला नाही. तंजावरच्या गोळीचा दाखला घेऊन वेस्ट इंडीजमधल्या एका लष्करी सर्जनने साप चावलेल्या सैनिकांना आर्सेनिकचं द्रावण पाजलं, आणि त्याचा वृत्तांत लंडनमध्ये छापून आला. कावेरीकाठची समजूत सातासमुद्रापलीकडे गेली होती.

आता कुणी म्हणेल, हे आपल्याकडच्या अडाणी वैद्यांचं झालं. तसं अजिबात नाही, मंडळी. युरोप-अमेरिकेतले नामवंत डॉक्टर त्याच काळात नेमकं हेच करत होते. १७९३ साली फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली, तेव्हा बेंजामिन रश रुग्णांचं भरपूर रक्त काढत होते आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं संयुग, रेचक म्हणून देत होते. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, तर डॉक्टरांनी एका दिवसात त्यांचं इतकं रक्त काढलं की ते ऐकून आजचा डॉक्टर कपाळाला हात लावेल. त्याच रात्री ते गेले. १८३३ साली फ्रान्सने ४ कोटींहून जास्त जळवा परदेशातून मागवल्या. आजार म्हणजे आत साचलेली घाण, आणि इलाज म्हणजे ती बाहेर काढणं, हे त्या काळातलं जगभरचं एकमत होतं.

आयुर्वेदाबद्दल एक गोष्ट इथे न्यायाने सांगायला हवी. पंचकर्मातही वमन आणि विरेचन आहे. पण जुन्या संहितांमध्ये ते कुणाला द्यायचं नाही याची भलीमोठी यादी आहे: लहान मुलं, म्हातारी माणसं, गर्भार बाई, अशक्त, उपाशी. आधी स्नेहन-स्वेदन, नंतर पेज आणि मऊ भातापासून चढत्या क्रमाने आहार. म्हणजे शरीराची ही ओढाताण जोखमीची आहे, हे त्यांना माहीत होतं. ती सगळी पथ्यं गाळून फक्त "साफ करा" एवढंच उचलणारे आपण, आजचे.

आता सरफोजीराजांकडे येऊ. जन्म १७७७. श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८ मध्ये वारले आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीने काढून घेतला. राजाच्या हातात उरला किल्ला, थोडा परिसर, तनखा आणि पुष्कळ वेळ. त्या वेळाचं त्यांनी काय केलं, ते सरस्वती महाल ग्रंथालयात गेलं की दिसतं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, मोडी कागदांचे गठ्ठे, आणि युरोपातून मागवलेली पुस्तकं, त्यांत वैद्यकाची आणि शरीररचनेचीही.

त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली. तिथे माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधं बनायची. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारी माणसं तिथे होती. अनुभवाला आलेले पाठ जमवून तमिळ पद्यात बांधले गेले. 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ते पुढे ग्रंथालयाने रोगवार खंडांमध्ये छापले. सरभेंद्र म्हणजे सरफोजीच.

पण मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते डोळ्यांच्या रुग्णांचे कागद. रुग्ण कोण, तक्रार काय, काय इलाज केला, नंतर काय झालं, अशा नोंदी. आणि सोबत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं. आपल्या काळात चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी हे कागद अभ्यासले. त्यांना ते अभ्यासता आले याचं कारण सोपं आहे: काय दिलं आणि काय घडलं हे लिहिलेलं होतं.

सरफोजींचे सगळेच पाठ गुणकारी होते असं मी म्हणत नाही. त्या पाठांमध्येही आज आपण घेऊ नयेत अशी द्रव्यं आहेत. पण गुप्त कृतीची गोळी आणि नोंदीचा कागद या दोन गोष्टी एकाच गावात, एकाच पिढीच्या अंतराने दिसतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. गोळी म्हणते, विश्वास ठेव. कागदावरचं मात्र दुसऱ्या कुणालाही तपासता येतं. युरोपातही रक्त काढण्याची प्रथा मोडायला सुरुवात झाली ती अशाच मोजदादीने. पॅरिसचे पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांची यादी करून, कुणाचं रक्त कधी काढलं आणि काय झालं ते मोजलं, आणि १८३५ साली छापलं. लाभ लोक समजत होते त्याच्या मानाने फारच थोडा निघाला.

मग शरीर स्वतःची सफाई करतं तरी कसं? हे कळायलाही कुणीतरी मोजावंच लागलं. १८४२ च्या सुमारास जर्मनीत गॉटिंगेनला केलर नावाच्या तरुणाने रात्री झोपताना स्वतः बेन्झोइक आम्ल घेतलं आणि सकाळी स्वतःची लघवी तपासली. बेन्झोइक आम्ल जसंच्या तसं बाहेर आलं नव्हतं. शरीराने त्याला ग्लायसीन जोडून वेगळाच पदार्थ, हिप्युरिक आम्ल, बनवला होता, आणि तो लघवीतून टाकला होता. ग्लायसीन हा प्रथिनांतला साधा घटक, आपल्या डाळीत, दुधात असलेला. म्हणजे आलेल्या परक्या पदार्थाला शरीर घरातलीच एक वस्तू बांधतं, तो पाण्यात विरघळेल असा करतं, आणि दाराबाहेर ठेवतं. ही जोडकामं मुख्यतः यकृतात होतात. पुढे शंभर वर्षांत अशी अनेक जोडकामं सापडली. १९४७ साली आर. टी. विल्यम्स यांनी त्यावर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं.

आकडे पाहा. दीड किलोच्या आसपास वजनाच्या यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला कामाचा जवळजवळ सगळा परत घेतात, आणि दीडेक लिटर लघवी करतात. कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसं टाकतात. आतडी उरलेलं टाकतात. हे रात्रंदिवस चालतं, त्याला मुहूर्त लागत नाही.

यात एक मेख आहे. यकृत प्रत्येक वेळी विषाचं पाणीच करतं असं नाही, कधी उलटंही होतं. पॅरासिटामॉलचंच बघा. नेहमीच्या मात्रेत ते सहज निघून जातं. मात्रा फार वाढली, की यकृतातच त्याचा एक घातक तुकडा जास्त बनतो, आणि त्याला आवरणारं ग्लुटाथायोन संपतं. मग यकृताच्या पेशी मरतात. यावर उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं औषध, जे ग्लुटाथायोन पुन्हा बनवायला मदत करतं. शरीराच्या सफाईला मदत म्हणतात ती ही. कुठलं विष ते माहीत, किती गेलं ते माहीत, उतारा कसा चालतो ते माहीत, मात्रा ठरलेली, आणि रुग्णालयात रक्त तपासत दिलेली. शिशासाठी दिली जाणारी औषधं तशीच. किडनी थकल्यावरचं डायलिसिस तसंच. आणि सर्पदंशावरची लस तशीच. ती १८९० च्या दशकात निघाली, आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तापासून तयार होत आली, आणि तिच्यासाठी लागणारं विष १९७८ साली स्थापन झालेली तमिळनाडूतल्याच इरुळ जमातीची सहकारी संस्था साप पकडून पुरवते. तंजावरच्या गोळीला खरं उत्तर त्याच प्रांतात, असं मिळालं.

बाजारातल्या "डिटॉक्स"च्या पुडीला मात्र विचारा, बाई, तू नेमकं कुठलं विष काढतेस? उत्तर येत नाही. आणि तिच्यात काय आहे विचारलं तरी पुष्कळदा येत नाही. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी छापून आली. साधारण पाचात एकात शिसं, पारा किंवा सोमल सापडला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात, कोविडच्या काळात, मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले ६ रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. पुढे २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांतून ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या नोंदीवर आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, की दिसायला तशीच दुसरी, हे तपासलं कुठे? आक्षेपातला प्रश्न बिनमहत्त्वाचा नाही. पण ज्याच्या अंगणातून किंवा ज्या दुकानातून ती आली, त्या घेणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं, हीच तर अडचण आहे. पुन्हा तोच प्रश्न: तिच्यात काय होतं?

घरच्या रसांचंही तसंच. सकाळी दुधीचा रस पिणारे आपल्यात बरेच असतील. कडू दुधीत असणारं द्रव्य आतड्यांना आणि रक्तदाबाला एकदम धक्का देतं, त्याने माणसं दगावली आहेत. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलं आहे: आधी फोड चाखा, कडू लागली तर फेकून द्या, रस करू नका. आणि रस प्यायल्यावर उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर "विष निघतंय" म्हणून घरी बसू नका, दवाखान्यात जा. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचायला सांगेन. कारण तंजावरच्या गोळीने माणसांना फसवलं ते नेमकं इथेच. उलटी-जुलाब म्हणजे सफाई, हा समज दोनशे वर्षांनंतरही आपल्या मनात घट्ट बसलेला आहे. जुलाबाने जातं ते पाणी आणि क्षार. म्हाताऱ्या माणसाची किडनी तेवढ्यानेही बसू शकते.

तंजावरच्या घरांमधून आजही शनिवारचं तेल लावून न्हाणं आहे, दिवाळीच्या पहाटे सुंठ-मिरी-ओवा-गुळ-तुपाचं लेगियम आहे. आपल्याकडचं अभ्यंगस्नान आणि फराळानंतरचा ओवा, तीच माया. त्याने अंग हलकं होतं, पोटाला बरं वाटतं, घर एकत्र येतं. जरूर करावं. फक्त त्यातून विषं निघतात असं समजू नये, आणि त्याच प्रेमाने मुलांना नाक दाबून एरंडेल पाजण्याची जुनी रीत मात्र सोडावी. ते श्वासनलिकेत गेलं तर मूल जिवावर बेततं.

मग शरीराला मदत करायची तरी कशी? यासाठी मी तुम्हाला सरफोजीराजांच्याच एका कागदाकडे नेतो. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली होती. १८०२ साली सरफोजींनी ओरत्तनाडला मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र तर प्रसिद्धच आहे. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था सांगितली. कंपनीने छत्रांच्या जमिनींना हात लावू नये, हा त्यामागचा हेतू. त्यात काय आहे? येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही जातीचा असो, शिजलेला भात. शिजलेला चालत नसेल त्याला शिधा. वाटेत आजारी पडला, तर बरा होऊन चालू लागेपर्यंत तिथेच मुक्काम, वैद्य, औषध आणि आजाऱ्याला झेपेल असं जेवण. तान्ह्या मुलाला दूध. बाळंत होणाऱ्या बाईची सोय.

धन्वंतरी महालाइतकंच मला हे पत्र वैद्यकाचं वाटतं. कारण यकृत आणि किडनी यांना जे हवं असतं ते सगळं त्यात आहे: पोटभर साधं अन्न, स्वच्छ पाणी, विसावा, आणि वेळेवर जाणता माणूस. केलरने दाखवलं तसं, परका पदार्थ बांधून टाकायला यकृताला प्रथिनांतले घटक लागतात. सात दिवस नुसत्या रसावर राहून आपण त्याच्या हातातलं सामानच काढून घेतो.

माझ्या वहीत मी डॉक्टरांशी बोलून काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, त्या सांगतो. पहिलं काम, आत जाणारं विष थांबवणं: दारू, तंबाखू, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. बंदिस्त घरातला चुलीचा धूर. शिशाचा जुना रंग. शेतात फवारणी करताना उघडं तोंड आणि उघडे हात. दुसरं, तहान लागेल तसं पाणी, उन्हात काम असेल तर थोडं जास्त. पण सफाईच्या नावाने एकदम पाच-सहा लिटर ढोसणं नको, त्याने रक्तातलं मीठ घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. आणि हृदयाचे, किडनीचे रुग्ण असतील त्यांनी पाण्याचं माप डॉक्टरांनाच विचारावं. तिसरं, डाळ-भात-भाजी-ताक, चालणं, झोप, पोटाचा घेर आटोक्यात. आज यकृतावर चरबी साचण्याचं प्रमाण वाढलंय, त्यावर पुडीपेक्षा हेच लागू पडतं. चौथं, हिपॅटायटिस बीची लस. पाचवं, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा रक्त-लघवीची तपासणी.

आणि सहावं, चूर्ण, काढा, गोळी, रस, काहीही नवीन सुरू केलं तर तारीख घालून वहीत लिहा. नाव काय, घटक काय, कुणी बनवलं, किती घेतो. घटक कळत नसतील तर घेऊ नका. डॉक्टरकडे जाताना ती वही न्या. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, जेवणावरची वासना गेली, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी सगळं बंद करून दवाखाना गाठा.

मामा आता बरे आहेत. मामीने स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागे एक वही टांगली आहे, आणि मामांची रक्तदाबाची गोळीसुद्धा ती त्यात लिहिते. परवा मी गेलो तेव्हा मामा कुरकुरत होते, "काय हे, चहासुद्धा लिहून ठेवेल ही!" मामी म्हणाली, "ठेवीन. तंजावरच्या राजाने ठेवलं होतं, मग मी का नको?" तिला ही सगळी गोष्ट मीच सांगितली होती.

पुढच्या भागात आपण तंजावरलाच राहू, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेल्या भोसल्यांच्या मराठी चरित्राकडे जाऊ. तोवर नीट जेवा, नीट झोपा, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या उशाशी एखादी बिननावाची पुडी नाही ना, हे आजच पाहा. नमस्कार.